प्यो मेस्त्री आणि यंगवोलकरणीचा ट्रक

पामगोलच्या खोऱ्यात प्यो गिल्तेचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या हातांबद्दल बोलत आणि मग आवाज खाली आणत. हात सोन्याचे होते. चालत्या इंजिनाला नुसता कान लावून कुठल्या सिलिंडरचं नोझल गळतंय ते तो सांगायचा. पण तेच हात कोणावर कधी उठतील याचा नेम नव्हता. पन्नास साली लढाई पेटली तेव्हा अठराव्या वर्षी तो फौजेच्या ट्रक-दुरुस्तीत लागला. तिथल्या हवालदाराची शिकवण्याची एकच रीत होती, ज्या पान्याने चूक झाली तोच पाना पाठीत घालायचा. तीन वर्षांत गिल्ते इंजिन शिकला आणि ती रीतही शिकला. पुढे त्याच्याकडे कामाला आलेले गडी महिनाभरात सुजलेली तोंडं घेऊन घरी गेले. बायकोही त्यातून सुटली नाही. एकदा जेवणाचं ताट आणायला उशीर झाला म्हणून त्याने तिचा जबडा मोडला. जबडा सांधला तशी ती मुलीला घेऊन खाणींच्या गावी भावाकडे गेली, ती कायमचीच.

डोंगरातली लाकडं खाली आणायचा सगळा धंदा तेव्हा बांग हाक्सु नावाच्या ठेकेदाराच्या मुठीत होता. गिल्ते त्याच्याच वखारीवर मेस्त्री होता. खोऱ्यातला प्रत्येक ट्रक आपल्याच नावाखाली धावला पाहिजे असं बांगचं म्हणणं, आणि एकेक करून सगळे ट्रकवाले वाकले. माक थेसोप तेवढा वाकला नाही. त्याच्याकडे लढाईनंतर मागे उरलेला फौजी सहाचाकी होता. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्याने मोडीत निघालेल्या बसचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यात बसवलं होतं. बैल जिथून मागे फिरत तिथून तो ट्रक ओंडके घेऊन उतरायचा. चौऱ्याहत्तर सालच्या पानगळीत बांगच्या मुकादमाने, चु बोमिकने, सात माणसं गोळा केली आणि प्रत्येकाच्या हातात कुदळीचा दांडा दिला. त्या सातांत गिल्ते होता. फडक्यांनी तोंडं बांधून त्यांनी थेसोपला नदीच्या उतारावर अडवलं आणि केबिनमधून ओढून खाली पाडलं. बाकीचे पाठीवर, बरगड्यांवर मारत होते. गिल्तेने त्याचा उजवा पाय दगडावर ठेवला आणि गुडघ्यावर दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने ऐकला, आणि कशाचा आवाज कुठून येतो हे ओळखणं तर त्याचा धंदाच होता.

थेसोपचा तो पाय पुन्हा ब्रेकवर पडला नाही. ट्रक घराजवळच्या चेस्टनटच्या झाडाखाली उभा राहिला तो राहिलाच. थेसोप ओट्यावर बसून मक्याची दारू प्यायचा आणि त्याच्याकडे बघायचा. सहा वर्षांनी पोटात पाणी होऊन तो गेला. मधल्या काळात गिल्तेचं मुकादम चुशी वाजलं. त्याने चुचे दोन दात पाडले आणि वखार सोडून नदीकाठी स्वतःची टपरी टाकली. त्या दिवसापासून चुने त्याच्यावर डूख धरला होता.

त्र्याऐंशी सालच्या भाद्रपदी वादळात वरच्या कड्यावरचं अर्धं पाइनचं रान आडवं झालं. गावाच्या सोसायटीने ठराव केला की ज्याचा ट्रक वर चढेल त्याने लाकूड उतरवावं. बांगचे नवे ट्रक लांबलचक होते, पहिल्याच वळणाला अडकायचे. वर चढू शकणारा ट्रक खोऱ्यात एकच होता, आणि त्याच्या इंजिनात नऊ वर्षं धुगधुगी नव्हती.

थेसोपची बायको आन बुन्ये. माहेर यंगवोलचं म्हणून सगळं गाव तिला यंगवोलकरीण म्हणे. नवऱ्याच्या शेजारी बसून ती कितीतरी वर्षं त्या ट्रकमधून फिरली होती, उताराला स्टेअरिंगही धरायची. आता पंचेचाळिशी उलटल्यावर तिने तालुक्याला जाऊन लायसनसाठी परीक्षा दिली. तीनदा नापास झाली. चौथ्यांदा, ही बाई आता इथेच मुक्काम टाकते की काय असं वाटून साहेबानेच पास केली असं लोक हसून सांगत. मग ती मेस्त्री शोधू लागली. जवळच्या जोंगसन गावच्या बाजारातल्या तीन मेस्त्र्यांनी बांगच्या भीतीने अंग चोरलं. एका सकाळी ती गिल्तेच्या टपरीसमोर येऊन उभी राहिली.

"मेस्त्री, आमचं इंजिन चालू करून द्यायचंय."

गिल्ते एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली पडला होता. आवाज त्याने ओळखला. मग बाहेर आला, पण तिच्याकडे न बघता हात पुसत म्हणाला, "नऊ वर्षं उभंय ते, वहिनी. जॅम झालं असेल. मोडीत घाला."

"मोडीतच घालायचं असतं तर मोडवाल्याकडे गेले असते."

त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि तिच्या मागे निघाला. का निघाला, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

चेस्टनटच्या झाडाखाली ट्रक आसापर्यंत मातीत रुतला होता. बॉनेट उघडलं तर हवेच्या नळीत उंदरांनी घर केलेलं, होसपायपांचा भुगा झालेला, रॉकरवर गंजाचे पापुद्रे. क्रँकच्या नटाला लांब पाइप लावून गिल्तेने सगळं अंग टाकलं. इंजिन केसभर हललं नाही. त्याने सहाही नोझल काढली, प्रत्येक भोकात रॉकेल आणि ऑइल निम्मं निम्मं ओतलं आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाइप, पुन्हा जोर. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. त्याने पाइप उगारून मडगार्डवर घातला, एकदा, दोनदा, पाचदा; पत्रा फाटेपर्यंत घातला. यंगवोलकरीण ओट्यावर बटाटे सोलत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

चौथ्या दिवशी दुपारी पाइपाखाली काहीतरी सैल झालं. बोटभर, त्याहून जास्त नाही. गिल्तेने ते मागे घेतलं, पुन्हा पुढे ढकललं. दीड बोट, दोन बोटं. पोटातून करकर आवाज करत क्रँक अर्धा फिरला. गिल्ते घामाने न्हाला होता. यंगवोलकरणीने त्याच्यासमोर बटाट्याच्या उंड्यांची वाटी आणि मुळ्याची आंबवलेली किमची ठेवली, आणि तिथेच उभी राहून बोलली.

"मेस्त्री, एक सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चोरट्यासारखं खाली बघत काम करावं लागणार नाही. त्यांचा गुडघा कोणी फोडला ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

गिल्तेने वाटी खाली ठेवली.

"तोंड बांधलेलं होतं तरी त्यांनी तुम्हाला ओळखलं. म्हणाले, दांडा पाना धरल्यासारखा धरला होता. असा धरणारा खोऱ्यात एकच."

"मग मला का बोलावलंत?"

"बाकी कोणी येईना."

"एवढंच?"

"एवढंच. माफीबिफी मागू नका, माझ्याकडे द्यायला नाही. जेवा आणि हात चालवा."

तो जेवला. त्याने वाटी रिकामी केली, कारण ती समोर उभी होती. मग त्याने हेड उतरवायला घेतलं.

पुढचे पंधरा दिवस तो रोज सकाळी येई आणि उजेड असेपर्यंत राबे. दोन सिलिंडरांत गंजाच्या कड्या बसल्या होत्या, त्या त्याने पॉलिश पेपरने घासून काढल्या. तिसऱ्याच्या रिंगा तुटलेल्या, त्या बदलल्या. व्हॉल्व्ह एकेक करून घासून बसवले. चेंबरमधून ऑइलच्या जागी काळा चिखल निघाला, तो त्याने हाताने उपसला. टाकीत नदीची वाळू आणि रॉकेल घालून दोघांनी दोन्हीकडून धरून ती हिंदकळवली, गंज सुटून लाल पाणी येईपर्यंत. या सगळ्यात बोलणं असं फारसं झालं नाही. "धरा", "सोडा", "कपडा द्या", एवढंच. एकदा तिच्या हातून नटांचा डबा कलंडला आणि सगळे नट गवतात गेले. गिल्तेचा हात सवयीने वर गेला. यंगवोलकरीण मागे सरकली नाही. तिने शांतपणे टॉमीची लोखंडी दांडी उचलली आणि खांद्याच्या वर धरली. दोघं तसेच उभे राहिले. मग गिल्तेने हात खाली आणला, गुडघ्यावर बसला आणि नट वेचू लागला. आयुष्यात पहिल्यांदा उगारलेला हात रिकामा परत आला होता.

सर्वांत अवघड होता डिझेलचा पंप. नऊ वर्षांचं डिझेल आत डिंकासारखं झालं होतं. त्याने तो उघडला, धुतला, डिझेल कमीजास्त करणारी आतली सळई बोटाने मागेपुढे सरकवून पाहिली. सरकत होती. त्याचं समाधान झालं, आणि तिथेच तो चुकला. पंपाच्या मागच्या अंगाची स्प्रिंग गंजून अर्धी झाली होती. ती त्याने उपसून बघितली नाही.

सोसायटीकडून आणलेल्या दोन बॅटऱ्या जोडल्या. हातपंप मारून नळ्यांतली एअर काढली. यंगवोलकरीण केबिनमध्ये बसली आणि तिने सेल्फ मारला. इंजिन दोनदा कण्हलं, खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडून धडाडलं. क्षणभर दोघांच्याही तोंडावर हसू आलं. पण आवाज खाली येईना. तो चढतच गेला. आतली सळई पुऱ्या डिझेलवर जाऊन अडकली होती आणि स्प्रिंगमध्ये तिला मागे ओढायचा जीव नव्हता. इंजिन सुटलं होतं.

"बंद करा," गिल्ते ओरडला. तिने बंद करायची दांडी ओढली, ती नुसतीच हातात आली. अख्खा ट्रक थडथडू लागला, झाडावरची काटेरी फळं टपावर पडू लागली. हवेच्या नळीवर जाळी बसवलेली नव्हती. गिल्तेने अंगातला जाडजूड कापूसभरला कोट काढून नळीच्या तोंडात कोंबला, तर इंजिनाने बाही आत ओढून घेतली, कापूस गिळला आणि आणखी जोरात किंचाळलं. तेवढ्यात पंख्याचं एक पातं मुळातून सुटलं. ते रेडिएटर फाडून गेलं आणि जाता जाता गिल्तेच्या डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग घेऊन गेलं. तो खाली कोसळला. गळ्यावरून रक्त वाहत होतं, वरून रेडिएटरचं पाणी चेहऱ्यावर उडत होतं, आणि डोक्यापासून हातभर अंतरावर ते इंजिन आता फुटेल की मग फुटेल अशा बेताला आलं होतं.

यंगवोलकरीण स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा जाड पाट घेऊन धावत आली. मडगार्डवर चढून तिने कोटाचं बोचकं ओढून फेकलं, पाट नळीच्या तोंडावर दाबला आणि त्यावर छातीनिशी पडली. इंजिनाने पाट असा ओढून धरला की तिची दोन बोटं खाली चिरडली. तिने सोडलं नाही. आवाज अडखळला, खाली आला, दोन गचके बसले आणि सगळं शांत झालं.

मग तिने आपला डोक्यावरचा रुमाल गिल्तेच्या कानावर बांधला. बांधताना सैल ठेवला नाही.

"स्प्रिंग," गिल्ते म्हणाला. "मी बघितली नाही. चूक माझी."

ही वाक्यं त्याच्या तोंडून बाहेर पडलेली खोऱ्यात कोणी ऐकली नव्हती.

पुन्हा आठ दिवस गेले. त्याने पंप नखाएवढ्या तुकड्यापर्यंत सुटा केला, सळई आरशासारखी घासली, नवी स्प्रिंग घातली, नवा पंखा बसवला, रेडिएटरला डाग दिले. या वेळी त्याने पाट आधीच हाताशी ठेवला होता. इंजिन लागलं. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग जवळजवळ काहीच नाही. आवाज बसला. सहाही सिलिंडर एकामागून एक, न चुकता. गिल्तेने उरलेला कान खिडकीच्या काचेला लावून पाव तास ऐकलं आणि नुसती मान हलवली. रुतलेली चाकं खणून काढून नवे टायर आधीच चढवले होते; त्याच दिवशी यंगवोलकरीण कड्यावर गेली आणि चार ओंडके घेऊन उतरली. खाली गाव जमलं होतं.

चौथ्या खेपेच्या दिवशी भर दुपारी चु मुकादम चार माणसं घेऊन आला. ट्रक अंगणात उभा होता, गिल्ते चाकाचे नट आवळत होता आणि यंगवोलकरीण केबिनमध्ये बसून शिदोरी खात होती. चुच्या एका माणसाच्या हातात वाळूची पिशवी होती. ती कुठे जाणार हे सांगायची गरज नव्हती.

"म्हाताऱ्या, बाजूला हो," चु म्हणाला. "तुझं आमचं जुनं आहे, ते नंतर बघू. टाकीचं झाकण उघड."

"तुला दात कमी पडले का रे, बोमिक?"

"तू काय आता हिच्या नवऱ्याची जागा घेतलीस? त्याचा पाय तूच मोडलास ना? सांगितलंस का बाईला?"

चाक खोलायचा पाना गिल्तेच्या हातात होता. तो त्याने खालून वर फिरवला आणि वाळूवाल्याच्या कोपरावर घातला. हाताचं हाड कातडीतून बाहेर आलं. पहिला घाव त्याचा होता, यात शंका नाही. दुसरा चुच्या खांद्यावर बसला. पण तो बावन्न वर्षांचा होता आणि ते चौघे अजून उभे होते. त्यांनी त्याला घेरून पाडलं. दांडा कमरेवर बसला तसा त्याच्या आत तोच आवाज झाला, जो त्याने एकदा नदीच्या उतारावर ऐकला होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण कमरेखालचं अंग त्याचं ऐकेना. चु त्याच्या तोंडावर लाथा घालत होता, मोजून, एकेक.

तेव्हा इंजिन लागलं. पहिल्याच सेल्फला. सहाचाकी अंगणात वळला आणि सरळ त्यांच्यावर आला. चुची माणसं पळाली. चु मागे सरकताना वाळूच्या पिशवीला अडखळून उताणा पडला. ट्रक त्याच्यासमोर हातभर येऊन थांबला. यंगवोलकरणीने काचेतून खाली बघितलं. चुने दोन्ही हात वर केले होते, काहीतरी बोलत होता. गिल्ते मातीत गाल टेकून सगळं बघत होता. इंजिनाचा आवाज संथ होता, त्याने लावून दिला होता तसाच. मग तिने गिअर टाकला, आणि पुढचं चाक चुच्या उजव्या पायावरून, गुडघ्यावरून, सावकाश गेलं.

ब्रेक जुने असल्याचं सांगायला यंगवोलकरणीला तिच्या स्वतःच्या वकिलाने आधीच पढवलं होतं. पण कोर्टात चुच्या वकिलाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ब्रेक लागत होते. मी लावले नाहीत." आणि गिल्तेबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, "पहिला फटका यांनीच मारला." गिल्ते दोन माणसांनी धरलेल्या खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, बाई खरं बोलते. तिला चौदा महिने झाले. त्याला दोन वर्षं झाली, पण कंबर मोडलेला माणूस तुरुंगात ठेवून करायचं काय, म्हणून शिक्षा स्थगित केली. चुचा पाय मांडीपासून काढला. बांगला काहीच झालं नाही. तो कोर्टात आलाही नाही.

दवाखान्यातून चार महिन्यांनी गिल्ते दोन कुबड्यांवर बाहेर आला. जोंगसनचा बाजार दर पाच दिवसांनी भरतो. दर बाजाराच्या दिवशी तो बसने पामगोलच्या फाट्यावर उतरायचा आणि तिथून यंगवोलकरणीच्या अंगणापर्यंत दीड मैल खुरडत जायचा. हिवाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर बर्फ असतो. केबिनमध्ये चढायला त्याला पाव तास लागायचा. तो इंजिन लावायचा, हेड हाताला चटका देईल इतकं तापेपर्यंत चालू ठेवायचा, ऑइल बघायचा, थंडीत रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचा, आणि परत जायचा. शेजारच्या म्हातारीने एकदा विचारलं, कशाला एवढा जीव काढतोस? तो म्हणाला, उभं राहिलं की जॅम होतं.

यंगवोलकरीण सुटली ती पानगळीच्या सुरुवातीला, बाजाराच्याच दिवशी. ती फाट्यावरून चालत आली तेव्हा तिला घर दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. तिने बोचकं ओट्यावर ठेवलं. केबिनचं दार उघडलं. गिल्ते शेजारच्या सीटवर सरकला, त्याला उतरायला वेळ लागत असे म्हणून. तिने तुरुंगातून आणलेले कपडेही बदलले नाहीत. स्टेअरिंगवर बसली, दांडी ओढून इंजिन बंद केलं, पुन्हा लावलं, ऐकलं.

"तिसरं सिलिंडर जरा मागे पडतंय," ती म्हणाली.

गिल्तेने उरलेला कान पुढे केला. बराच वेळ ऐकलं. तिचं बरोबर होतं. त्याने तिला पाना मागितला नाही, स्वतःच खाली वाकून सीटखालून काढला आणि तिच्या हातात दिला.